कंग्राळीच्या माळावरचं रॉकेट

भांड्याचं झाकण शेवटी द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. फसून शिकले. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि बरोबर जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन मी बेळगावच्या गल्ल्यांतून फिरायला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका बाईनं झाकणासकट डबा आत नेला आणि कबूल केलेल्या तीन साड्यांऐवजी दोनच बाहेर आणल्या. तिसरी धोब्याकडे आहे म्हणाली. नंतर ये म्हणाली. ती साडी आजपर्यंत धोब्याकडेच आहे. त्या दिवसापासून डबा हातात दिला तरी झाकण मी मांडीखाली दाबून बसायची. कपडे गाठोड्यात गेले, गाठ बसली, की मग झाकण.

दुसरा नियम पाण्याचा. तो आमच्या धंद्यातला जुनाच. भांडं गळतंय का बघायला गिऱ्हाइकानं त्यात पाणी घेतलं की सौदा पुरा. मग तिनं कापड परत मागायचं नाही आणि मी भांडं परत मागायचं नाही. खासबागेपासून टिळकवाडीपर्यंत सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. भांड्यात पाणी पडलं की विषय संपला.

हे आधी सांगते, कारण माझं भांडण या दोन गोष्टींवरच उभं आहे. आणि ज्यांच्याशी भांडण आहे ती माणसं आजही रस्त्यात भेटली की मला हसून नमस्कार करतात. त्यांना वाटतं सगळं मिटलं.

माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मी सातवी शिकले, लग्न होऊन खासबागेत आले. नवरा मागावर कापड विणायचा, त्यात भागेना म्हणून मी पाटी डोक्यावर घेतली. थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, जवळच्या कंग्राळी गावात दिलेली. शेतात काम नसलं की ती माझ्याबरोबर फेरीला यायची. गाठोडं तिच्या खांद्यावर, तोंड माझं.

ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. टिळकवाडीत एका बंगल्यात कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर राहायचे. त्यांची बायको माझं जुनं गिऱ्हाईक. मी तिला वैनी म्हणायची. त्या दिवशी तिला मोठा, झाकणाचा डबा हवा होता आणि त्याबदली तिनं दोन प्यांटी आणि एक विटकी साडी पुढं टाकली.

"वैनी, ही प्यांट गुडघ्यावर पार इरलीया. हिचं काय मी लोणचं घालू?"

"अगं, टेरिलीन आहे ते. अजून दहा वर्षं टिकेल."

"मग सरांस्नीच घालू द्या की धा वर्सं."

आक्का तोंडाला पदर लावून हसली. वैनीही हसली, पण डबा काही तिनं खाली ठेवला नाही. आत गेली आणि एक लांबट खोका घेऊन आली. त्यावर धूळ होती आणि धुळीखाली रंगीत चित्रं.

"हे घे वर. धाकट्या दिरांनी अमेरिकेहून आणलंय. रॉकेट आहे, खरंखुरं उडतं म्हणे. दोन वर्षं माळ्यावर पडलंय. ह्यांना वेळ नाही आणि मला रोज धास्ती, वर दारू भरलेली नळकांडी आणि खाली माझी शेगडी. घेऊन जा बाई एकदाचं."

मी नाक मुरडलं. नाक मुरडणं हा माझा अर्धा धंदा. "फटाका हाय व्हय? दिवाळीत आमच्या गल्लीत पोत्यानं उडत्यात," म्हटलं. मग उपकार केल्यासारखा खोका घेतला. वैनीनं डबा नळाखाली धरला, काठोकाठ भरला, बुडाला हात फिरवून बघितला. कोरडा. पाणी तुळशीला ओतलं. मी गाठ मारली आणि झाकण दिलं.

घरी येऊन खोका उघडला तेव्हा कळलं की हा फटाका नव्हे. दीड हात लांबीचं तांबडं-पांढरं रॉकेट, खाली तीन पंख, वर टोपण. टोपण ओढलं की आत दोऱ्यांना बांधलेली नारिंगी प्लास्टिकची छत्री, म्हणजे पॅराशूट. तीन पायांचं एक तिकाटणं, त्यात उभी करायची सळई, सळईच्या बुडाशी आग अडवायला गोल पत्रा. पत्रा हलका होता, असल्या पत्र्याची मी चाळणीसुद्धा विकली नसती. अंगठ्याएवढी दोन नळकांडी. आणि लांब वायरीचं एक पिवळं डबडं. त्याला बटण, बटणाशेजारी भोक, आणि भोकात घालायची तारेची किल्ली. किल्ली घातल्याशिवाय बटण मेलेलं.

बरोबरचा कागद इंग्रजीत होता. पण सहा चित्रं होती, आणि चित्रं मला वाचता येतात. पहिल्या चित्रात खोका उघडला होता, सहाव्यात रॉकेट आभाळात. मध्ये कुठंही चिकटवणं नाही, रंगवणं नाही, शिवणं नाही. सगळं तयार. पाचव्या चित्रात एक बाई गुडघ्यावर बसून बटण दाबत होती. बाजूला तिची माणसं उभी, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

मी चिकोडीच्या बाजारात खेळणीवाल्याला तो खोका दाखवला. त्यानं बदल्यात बरंच काही देऊ केलं. मी दिला नाही. आक्का म्हणाली, "अगं, तुला भूत लागलंय काय? इकून टाक की."

"आधी उडवणार. मग बघू."

तिला सगळं सांगता आलं नाही, आता सांगते. माझ्या हातात तयार वस्तू कधी आलीच नव्हती. फाटकं यायचं, ते मी धुवायची, रफू करायची, इस्त्री मारून पुढं न्यायची. भांडं पोचा पडलेलं यायचं, ते ठोकून घ्यायची. इथं कुणीतरी सगळं करून ठेवलं होतं आणि फक्त बटण दाबायचं शिल्लक ठेवलं होतं. ते मला दाबायचं होतं. बस्स, एवढंच.

फक्त ती छत्री मला बघवेना. चुरगळून कोंबलेली होती, जशी आळशी बाई साडी पेटीत कोंबते. मी ती सोडवली, हातानं सारखी केली आणि माझ्या पद्धतीनं घडी घातली. माझी घडी बाजारात प्रसिद्ध होती. आत वारा राहत नसे. वरून दोऱ्या गच्च गुंडाळल्या, घडी आठ दिवस गाठोड्याखाली दाबून ठेवली आणि मग रॉकेटात सरकवली. किती छान बसली म्हणून स्वतःवरच खूश झाले.

नवव्या दिवशी सर स्कूटरवरून खासबागेत आले. हातात तोच डबा. अमेरिकेतल्या भावाचं पत्र आलं होतं, रॉकेट उडवलं का, फोटो पाठव म्हणून.

"हे बघ, बायकोला कळलं नाही. हा तुझा डबा घे आणि ते दे."

"पाणी घेतलंय सर."

"कसलं पाणी?"

"वैनींनी डब्यात पाणी घेतलंय. सौदा मोडत न्हाय आता."

ते हसले. "अगं, तुला काय कळतंय त्यातलं? हात-बीत भाजून घेशील."

त्यावर माझं डोकं तापलं. "न्हाय कळत. तुमास्नी कळतंय तर दोन वर्सं माळ्यावर का ठेवलंतं?" शेजारचे माग थांबले. बायका दारात आल्या. सर गोरेमोरे झाले, पण गेले नाहीत. गेले असते तर बरं झालं असतं.

मग मी सौदा टाकला. रॉकेट माझंच राहील. उडवायला जागा हवी, ती मी देते. कंग्राळीत आक्काच्या घरचा माळ आहे, पीक निघालंय, मोकळा आहे. सरांनी कागद वाचून मांडामांड करायची, फोटो काढायचा, भावाला पाठवायचा. नळकांडी दोन. पहिल्याचं बटण मी दाबणार, दुसऱ्याचं त्यांनी कुणालाही दाबू द्यावं.

"चालेल की," सर म्हणाले. "तूच दाब पहिलं."

मी घरातनं तांब्या आणला, त्यांच्याच हातातल्या डब्यात पाणी ओतलं आणि त्यांना म्हटलं, आता ओता. त्यांनी हसत हसत ते अंगणात ओतलं. सगळ्या गल्लीनं बघितलं.

रविवारी सकाळी खोका मी स्वतः डोक्यावरून कंग्राळीला नेला. किल्ली मात्र खोक्यात ठेवली नाही. कनवटीला लावली. संशय होता म्हणून नव्हे, सवय म्हणून. झाकण शेवटी.

सर आणि वैनी आले ते मोटारीतून, आणि मोटार होती सरांच्या कॉलेजच्या मोठ्या साहेबांची. साहेब, साहेबांची मंडळी, फराळाचे डबे. सरांनी कागद बघत सळई उभी केली, डबड्यात सेल भरले, नळकांडं घातलं, वायरीचे चिमटे लावले. मी पदर खोचून पिवळ्या डबड्याजवळ जाऊन बसले, चित्रातल्या बाईसारखी.

"उठ, उठ," सर हळूच म्हणाले. "जरा लांब उभी राहा. साहेब दाबतील."

"पयलं माजं हाय."

"अगं, पाहुणे आलेत. त्यांच्यासमोर काय हे. तुला नंतर देतो ना."

नंतर. धोब्याकडची साडी आठवली. मी वैनीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. आक्कानं माझा दंड धरून मागं ओढलं. रॉकेट माझं, रान आक्काचं, आणि लांब उभं राहायचं ते आम्हीच.

सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. साहेबांनी बटणावर अंगठा ठेवून फोटोपुरतं हसून घेतलं आणि दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. सरांनी वायरी हलवल्या, चिमटे काढून घातले. साहेबांची मंडळी आपसात कुजबुजायला लागली. मी सगळ्यांना पुरेसं ताटकळू दिलं, मग मोठ्यानं म्हटलं, "किल्लीबिगर उडत न्हाय ते. किल्ली माज्याकडं हाय."

सरांचं तोंड तांबडंलाल झालं. "आण इकडे."

"पयलं बटण माजं म्हणा, आणते."

"चेष्टा लावलीस का? साहेब उभे आहेत इथं."

"माजी भण बी उभीच हाय."

आक्का माझ्या कानात म्हणाली, "सोड गं, मोटारीतनं आलेल्या मानसांशी कुठं भांडतीस?" पण मी सोडणार नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा झाकण माझ्या मांडीखाली होतं आणि समोर मोटार होती. आणखी दोन मिनिटं गेली असती तर सर वाकले असते. मला माणसाचा चेहरा वाचता येतो. ते वाकतच आले होते.

तेवढ्यात वैनी पुढं आली. सहा वर्षं मी जिच्या पायरीवर बसले, जिनं स्वतःच्या हातानं पाणी भरून सौदा पुरा केला, ती वैनी. तिनं अंबाड्यात हात घातला, केसांची एक पिन उपसली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी ती वाकवून भोकात घातली. डबड्यावरचा दिवा लागला. साहेबांनी बटण दाबलं.

सुंदर उडालं. रागानं आंधळी झाले होते तरी हे कबूल करते. फस्स करून आवाज, सळईवरून सुटल्याचं दिसलंसुद्धा नाही, नुसती पांढरी रेघ वर वर गेली आणि माळावरचे सगळे माना वर करून आ वासून उभे राहिले. साहेबसुद्धा. वर पार ठिपका झाल्यावर फट्ट आवाज झाला, टोपण निघालं, आणि त्यामागून नारिंगी छत्री बाहेर आली.

ती उघडली नाही. विड्यासारखी घट्ट, दोऱ्या गुंडाळलेली, तशीच्या तशी खाली येत राहिली. रॉकेट तोंडावर येऊन ढेकळांत घुसलं. एक पंख मोडून बाजूला पडला.

"पॅराशूट कोणी भरलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"हिनंच," सर म्हणाले. हातातला कागद त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. मोठ्यानं वाचला. छत्री घडी घालून ठेवून देऊ नये, प्लास्टिक चिकटतं. उडवायच्या आधी उलगडावी, पावडर लावावी, सैल घडी करून भरावी. "सगळं लिहिलंय इथं. हिला काय वाचता येतंय? अडाण्याच्या हातात दिलं की असं होतं."

"लिवलंय, तर तुमी का न्हाय वाचलं?" मी ओरडले. "मला इंग्रजी येत न्हाय. तुमचं तर पोट त्याच्यावर चालतंय!"

घडी माझीच होती, हे मी नाकारत नाही. माझ्या हातची ती एकमेव घडी असेल जी कुणाला नको होती. पण बटणावर माझा अंगठा असता, तर पडलेलं रॉकेटसुद्धा माझं पडलं असतं. त्यांनी उडणं साहेबांना दिलं आणि पडणं तेवढं मला.

साहेबांना फराळाची घाई होती. सगळे मोटारीकडे गेले. दुसरं नळकांडं, माझी पाळी, नंतरचं नंतर, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. वैनी जाताना एकदा मागं वळली. बहुतेक पिन शोधत असावी. मी आणि आक्कानं रॉकेट ढेकळांतून काढलं, पुसलं, खोक्यात घातलं.

त्या बंगल्याच्या पायरीवर मी पुन्हा बसले नाही. ती फेरीच सोडली.

पुढच्या महिन्यात सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्यूशन लावून पंख बसवला. आक्कानं तोंडाला लावायची पावडर आणली. छत्रीला चोळली, दोऱ्या सैल ठेवल्या आणि घडी अशी घातली की मला माझीच लाज वाटली. डबड्यात टॉर्चचे नवे सेल घातले. दुपारी त्याच माळावर गेलो, दोघीच.

"मी मागं सरकू काय लांब?" आक्कानं विचारलं. डोळे हसत होते.

"बस इथं, गुमान."

कनवटीची किल्ली काढली, भोकात घातली, दिवा लागला. अंगठा ठेवला आणि एक-दोन-तीन म्हणायच्या आधीच दाबून मोकळी झाले. ते गेलं. मोडक्या पंखामुळं जरा तिरकं गेलं, पण गेलं. फट्ट झालं आणि छत्री उघडली, नारिंगी, टम्म. आक्का टाळ्या वाजवत नाचायला लागली. वाऱ्यानं छत्री धरली आणि रॉकेट घेऊन ती रस्त्यापलीकडं, पलीकडच्या उसावरून लांब लांब निघाली. मी मागं धावले नाही. नळकांडी संपली होती. माझं काम झालं होतं.

गोष्ट इथं थांबली असती तर मी ती लिहिली नसती.

सात-आठ वर्षांनी खासबागेत माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान झालं. एका दुपारी सर आणि वैनी आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, मोठा डबा हवा होता. वैनीनं भाव पाडून मागितला. मी पाडला नाही. तिनं हो म्हटलं, पैसे मोजले. मी डबा नळाखाली धरून पाणी भरून दाखवलं, पुसून तिच्या हातात दिला आणि जागेवर येऊन बसले. सर दुकानभर बघत होते.

"आठवतं का गं ते रॉकेट?" ते म्हणाले. "काय मजा आली होती! पुढे काय झालं त्याचं?"

"उडवलं मी. त्याच माळावर. लई वर गेलतं."

"बघ!" त्यांनी वैनीकडे बघून टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं? तुला नंतर मिळेल म्हणून? मिळालंच ना!"

माझ्या हातात फडकं होतं. ते मी खाली ठेवलं. मोडका पंख मी चिकटवला, सेल माझे, पावडर आक्काची, पाळी मी घेतलेली, आणि ती या माणसानं माझ्याच दुकानात उभं राहून स्वतःच्या खात्यावर लावून टाकली. ती पिन, तो साहेब, खासबागेच्या अंगणात ओतलेलं पाणी, सगळं त्याच्या एका टाळीत धुऊन गेलं.

"सर, पयली पाळी माजी हुती, ती तुमी मोडली. तेवढं म्हणा."

"केवढीशी गोष्ट! अजून धरून बसलीस?"

"केवढीशी हाय, तर म्हणा की."

ते हसले. मी वैनीकडे बघितलं. "वैनी, तुमी तरी म्हणा." तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, बोलते आता. ती म्हणाली, "झाकण देतेस ना?"

झाकण माझ्या मांडीखाली होतं.

"आधी म्हणा."

सरांनी घड्याळ बघितलं. बाहेर रिक्षा थांबली होती. "चल गं," ते वैनीला म्हणाले आणि मला हसून नमस्कार केला. "झाकण नंतर पाठवून दे."

"व्हय," मी म्हटलं. "नंतर."

ते झाकण माझ्या वरच्या फळीवर आहे. फळ्या पुसताना तेही पुसते, त्यावर गंज चढलेला नाही. आक्का आली की म्हणते, "पाठवून टाक की गं, लगीन झालं, नातवंडं झाली त्यांची." मी म्हणते, दुकानाचा रस्ता त्यांना ठाऊक आहे. यावं, तीन शब्द बोलावेत आणि घेऊन जावं.